संपलं की शटर खाली! पुणेकराची खाण्यापिण्याची खबरबात

पुण्यातलं हॉटेल चांगलं की वाईट, हे ओळखायला जेवून बघायची गरज नसते. मेन्यूकार्ड हातात घ्यायचं आणि त्याची जाडी बघायची. चारच पदार्थ असतील, वेळ ठरलेली असेल आणि दुपारी गल्ल्यावरून ‘आज संपलं’ असं स्पष्ट उत्तर येत असेल, तर दुसऱ्या दिवशी लवकर जाऊन तिथेच खावं. बारा पानी कार्डात इडलीपासून सिझलरपर्यंत सगळं असेल, तर चहा घेऊन निघावं. बाहेरगावच्या पाहुण्यांना ‘संपलं’ हे उत्तर माज वाटतं. मला त्यात सचोटी दिसते. सकाळी जेवढं केलं तेवढंच विकायचं, उरलेलं फ्रिजमध्ये ढकलून संध्याकाळी गरम करून द्यायचं नाही, हा तो हिशेब आहे. याच हिशेबाने चालणाऱ्या आणि म्हणून टिकलेल्या जागांबद्दलची ही माझी मतं, आणि त्यांच्या पोटातल्या काही सुरस गोष्टी.

एक ते चार

पुण्याची दुपार सगळ्या महाराष्ट्रात गाजली ती चितळे बंधूंमुळे. चितळ्यांचा मूळ दुधाचा व्यवसाय सांगली जिल्ह्यातल्या भिलवडीचा. भास्कर गणेश चितळे यांनी तो १९३९ मध्ये सुरू केला आणि पुढच्या पिढीने १९५० मध्ये पुण्यात दुकान थाटलं. दुपारी एक ते चार दुकान बंद, हा तिथला नियम इतका प्रसिद्ध झाला की त्यावर विनोदांची रास पडली. काही वर्षांपूर्वी चितळ्यांनी दुपारी दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली, तेव्हा त्याची चक्क बातमी झाली. एखाद्या दुकानाने जास्त वेळ उघडं राहणं ही बातमी होते, असं दुसरं शहर मला माहीत नाही. कामगारांना दुपारचं जेवण आणि विश्रांती मिळायला हवी, यात चुकीचं काय होतं? आता शिफ्ट लावून तीच सोय करता येते, हेही चांगलंच झालं.

दुपारी बंद राहणारी दुसरी प्रसिद्ध जागा कॅम्पात, ईस्ट स्ट्रीटवर. कयानी बेकरी १९५५ मध्ये सुरू झाली, आणि तिच्या श्रूजबेरी बिस्किटांसाठी दार उघडायच्या आधीपासून माणसं रांग लावतात. श्रूजबेरी हे इंग्लंडमधलं गाव आहे, तिथल्या बिस्किटांची जात जुनी आहे. पण पुण्याहून कोणाकडे जाताना हातात जो पुडा असतो तो इराणी बंधूंच्या भट्टीतला, आणि पुणेकराच्या लेखी श्रूजबेरी म्हणजे कॅम्प. मावा केकही घ्या. बिस्किटांच्या नादात बहुतेक लोक तो विसरतात.

नारायण पेठेत केसरीवाड्याजवळ प्रभा विश्रांती गृह आहे. बटाटेवडा तिथलाच. वड्याचं आवरण पातळ, आत लसणाचा मारा नाही, आलं-मिरचीची धार मात्र पक्की. तिथल्या पाट्या वाचून माणसं हसतात, फोटो काढतात. मी म्हणतो, पाट्यांपेक्षा वड्याकडे लक्ष द्या, तो जास्त बोलका आहे. आपटे रोडच्या संतोष बेकरीत किंवा हिंदुस्थान बेकरीत पॅटीसचा ट्रे बाहेर आला की गर्दी उसळते. ताजा ट्रे दहा-पंधरा मिनिटांत रिकामा होतो. पुढचा घाणा निघेपर्यंत थांबायची तयारी ठेवा. थंड पॅटीस खाण्यात अर्थ नाही.

मिसळीचं शहर, पण कोणत्या मिसळीचं?

इथे मी ठाम बाजू घेणार आहे. कोल्हापूरची मिसळ तिखटजाळ, नाशिकची पापड-दह्यासह, ठाण्याची झणका देणारी. पुण्याची मिसळ वेगळी आहे आणि ती ‘गोड’ म्हणून हिणवली जाते. हे हिणवणं बंद व्हायला हवं. पुणेरी मिसळीत मटकीची उसळ, पोहे, बटाट्याची भाजी, शेव, कांदा, कोथिंबीर असा थर असतो आणि त्यावर आंबटगोड, गोड्या मसाल्याचा वास असणारा रस्सा येतो. त्यात चिंच आणि गूळ जाणवतो. कोकणस्थ घरातल्या आमटीची हीच चव आहे, फक्त ती हॉटेलात आली.

तिचं घर म्हणजे नारायण पेठेत मुंजाबाच्या बोळातलं बेडेकर. तिथे मिसळीबरोबर पाव मिळत नाही, स्लाइस ब्रेड मिळतो. यावरून वर्षानुवर्षं वाद चालू आहेत. माझं मत ब्रेडच्या बाजूने आहे. पाव रस्सा पिऊन फुगतो आणि लगदा होतो. ब्रेडचा तुकडा रश्शात बुडवून लगेच तोंडात टाकला की दोन्हींची चव राहते. रस्सा पुन्हा मागायचा तर ‘सँपल’ म्हणायचं. वेटर लगेच वाटी घेऊन येतो. रविवारी सकाळी नऊनंतर गेलात तर बोळात उभं राहावं लागेल, आणि जागा मिळाली की खाऊन उठायचं, गप्पा बाहेर. ही अट मला मान्य आहे. मागे उभ्या असलेल्या माणसालाही भूक असते.

तिखट हवं असेल तर तुळशीबागेतलं श्रीकृष्ण भवन. छोटी जागा, लाकडी बाकं, आणि वाढणाऱ्या माणसाचा वेग. तुळशीबागेत खरेदीला गेलेल्या बायका आधी मिसळ खातात आणि मग बांगड्या घेतात, हाच योग्य क्रम आहे, कारण उलट केलं तर मिसळ संपलेली असते. फडके हौदाजवळच्या वैद्य उपाहारगृहात रस्सा हिरव्या वळणाचा असतो, लाल तर्रीच्या सवयीला तो धक्का देतो. कोल्हापुरी पद्धतीची हवी तर काटा किर्र, तिथे लोक नाक पुसत पुसत दुसरी प्लेट मागवतात. चौघांत एकाची निवड करायची वेळ आली तर मी बेडेकर म्हणेन, कारण बाकी तिघांसारखी मिसळ महाराष्ट्रात आणखी कुठे ना कुठे सापडते.

आता जाण्याची सोयही झाली आहे. २९ सप्टेंबर २०२४ पासून मेट्रो जमिनीखालून स्वारगेटपर्यंत धावते आणि कसबा पेठ, मंडई ही स्थानकं पेठांच्या ऐन पोटात आहेत. पार्किंगसाठी तीन चकरा मारणाऱ्यांनी मंडईला उतरावं.

मंडईचा विषय निघालाच आहे तर ही गोष्ट सांगायलाच हवी. मंडईची ती दगडी इमारत १८८६ ची, तेव्हाचं नाव लॉर्ड रे मार्केट. महात्मा जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते तेव्हा त्यांनी या इमारतीवर एवढा खर्च करायला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर खर्चावा, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना मंडईला फुल्यांचंच नाव दिलं गेलं. आज रोज सकाळी त्या नावाखाली भाजीचे ढीग लागतात.

एफसी रोडचे शेट्टी

फर्ग्युसन कॉलेज १८८५ चं. त्याच्या समोरच्या रस्त्यावर कित्येक पिढ्यांनी कटिंग आणि कॉफीवर अभ्यास केला, प्रेमं जमवली, संघटना काढल्या. त्या रस्त्यावर वैशाली, रूपाली आणि आम्रपाली ही तीन नावं जगन्नाथ शेट्टी यांची. कर्नाटकातून लहान वयात कामाला आलेला हा माणूस. वैशालीचं आधीचं नाव मद्रास हेल्थ होम. उडुपी हॉटेलांनी मराठी माणसाला डोसा शिकवला, हे सगळ्यांना माहीत आहे. पण वैशालीने एक उलटा चमत्कार केला. दही आणि पुरी यांच्या चाटला बटाटा आणि शेवेची जोड देऊन शेव पोटॅटो दही पुरी ही एक वेगळीच डिश गाजवली. तिचं चार अक्षरी लघुरूप, एसपीडीपी, शहराबाहेर गेलेल्या पुणेकराला पटकन घरी आणतं.

मत? वैशालीत सकाळी साडेसातला जा. फिल्टर कॉफी आणि म्हैसूर मसाला डोसा घ्या. एसपीडीपी संध्याकाळी घ्या आणि ती आल्याबरोबर संपवा, पुरी मऊ पडली की मजा गेली. शनिवारी रात्री तिथे जाऊन रांगेत एक तास उभं राहणाऱ्यांचं मला नवल वाटतं, तेवढ्या वेळात रूपालीत बसून जेवणही होतं.

याच भागात, डेक्कनच्या टोकाला, १९३५ पासून कॅफे गुडलक आहे. चौकालाही लोक हॉटेलच्या नावानेच ओळखतात. बन मस्का आणि इराणी चहा, सोबत खिमा किंवा भुर्जी. देव आनंद उमेदवारीच्या काळात प्रभातच्या ‘हम एक हैं’साठी पुण्यात होते (चित्रपट १९४६ चा) आणि इथे येऊन बसत, असं जुने लोक सांगतात. प्रभात स्टुडिओच्या जागेत १९६० मध्ये चित्रपटांचं शिक्षण देणारी संस्था आली आणि गुडलकच्या टेबलांवर पुन्हा सिनेमावाली पोरं बसू लागली.

सिनेमाचा आणि थालीपिठाचा संबंध बघायचा असेल तर लक्ष्मी रोडवर पूना गेस्ट हाऊसला जा. मूकपटांच्या काळातले लेखक-दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनी १९३५ मध्ये ते सुरू केलं. नाटक-सिनेमातली किती माणसं तिथल्या खोल्यांत राहिली आणि किती जणांना उधारीवर जेवू घातलं गेलं, याच्या कहाण्या मराठी रंगभूमीवर पिढ्यान् पिढ्या सांगितल्या जातात. थालीपीठ, साबुदाण्याची खिचडी, आणि वर ताक. एवढ्यासाठी लक्ष्मी रोडची गर्दी सोसायला माझी ना नाही.

कॅम्पातला बर्गर आणि अमेरिकेची कंपनी

ही गोष्ट ऐकली की मुंबईकरसुद्धा पुण्याला सलाम करतात. कॅम्पात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून इराणी कुटुंबाचं बर्गर किंग नावाचं हॉटेल आहे. याच नावाच्या जगप्रसिद्ध अमेरिकी कंपनीने भारतात पहिलं दुकान उघडलं नोव्हेंबर २०१४ मध्ये. पण त्याच्याही आधी, २०११ मध्ये, नावावरून कंपनी पुण्याच्या न्यायालयात गेली होती. तेरा वर्षं खटला चालला. २०२४ मध्ये पुण्याच्या जिल्हा न्यायालयाने अमेरिकी कंपनीचा दावा फेटाळला. कंपनी भारतात यायच्या कितीतरी आधीपासून हे हॉटेल या नावाने चालू होतं, हा मुद्दा निर्णायक ठरला. कॅम्पात त्या आठवड्यात बर्गर खाणाऱ्यांच्या चेहऱ्यावर वेगळंच तेज होतं. मात्र कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने पुण्याच्या हॉटेलला हे नाव वापरायला तात्पुरती मनाई केली होती. कायद्याचं काय व्हायचं ते होईल. चवीचा निकाल माझ्यापुरता लागलेला आहे: पॅटी जाड, पाव भाजलेला, चीज सढळ. नाव काहीही असो, मी तिथेच जाणार.

कॅम्पातल्या वयाने ज्येष्ठ जागांपैकी एक दोराबजी अँड सन्स, १८७८ ची. धानसाक आणि बिर्याणी. पारशी घरात धानसाक शुभप्रसंगी करत नाहीत, घरातल्या मृत्यूनंतर चौथ्या दिवशी सुतकाचा पथ्याचा काळ तो खाऊन संपवतात. रविवारी दुपारी मात्र पोटभर खाऊन झोपायला याच्यासारखं काही नाही. एमजी रोडवरच्या मार्झ-ओ-रिनमध्ये चिकन रोल आणि सँडविच घ्या, वरच्या मजल्यावर खिडकीजवळ बसा. रमजानच्या महिन्यात कॅम्प सोडून थोडं पुढे, मोमिनपुऱ्यात जा. इफ्तारनंतर तिथे जी रात्र जागते ती अनुभवायला रोजा असावाच लागतो असं नाही, भूक असली म्हणजे पुरे.

चहा, मस्तानी आणि पहाटेचे पोहे

अमृततुल्य ही पुण्याची खास दुकानं. मूळची राजस्थानातून आलेली कुटुंबं ती चालवत आली आहेत आणि दुकानांना बहुतेक देवांचीच नावं. पितळेचं भांडं, दूध-पाणी-साखर-पावडर एकत्र उकळणं, आल्याची ठेच, वेलची, आणि कापडातून गाळणं. आता अमृततुल्य नावाच्या साखळ्या गल्लोगल्ली झाल्या आहेत, रंगीत फलक, सगळीकडे एकच चव. बसायला त्या ठीक आहेत. पण पितळेचं पातेलं डोळ्यांसमोर दिसत नसेल तर मी तो चहा अमृततुल्य मानत नाही.

मस्तानी म्हणजे दाट मिल्कशेक आणि वर आइस्क्रीमचा गोळा. सदाशिव पेठेतली सुजाता आणि कावरे यांच्यात कोण श्रेष्ठ, हा वाद घराघरात आहे. मी आंबा मस्तानीत सुजाताच्या बाजूचा. फक्त एप्रिल ते जून, म्हणजे हंगामात. डिसेंबरात आंबा मस्तानी मागणाऱ्याने त्यापेक्षा सीताफळ मागावं.

पहाटे चारला नळस्टॉपवर पोहे मिळतात. रात्रपाळीचे आयटीवाले, बसमधून उतरलेले प्रवासी, अभ्यास करून दमलेली मुलं, सगळे एकाच गाडीभोवती. या शहरात एवढी मिसळलेली गर्दी दुसरीकडे कुठे दिसत नाही.

परमिट रूमचं ‘परमिट’ कुठे असतं?

बारच्या पाटीवर ‘परमिट रूम’ का लिहिलेलं असतं, हे रोज तिथे बसणाऱ्यांनाही ठाऊक नसतं. मुंबई प्रांताचा दारूबंदी कायदा १९४९ चा. पुढे दारूबंदी सैल झाली, कायदा मात्र राहिला. त्यामुळे महाराष्ट्रात आजही दारू पिण्यासाठी परवाना लागतो. एक दिवसाचा परवाना विदेशी मद्यासाठी पाच रुपये, देशीसाठी दोन. वर्षाचा शंभर रुपयांत आणि आयुष्यभराचा हजार रुपयांत. वयाची अटही दोन प्रकारची: वाइन आणि सौम्य बिअरसाठी २१, बाकी मद्यासाठी २५. म्हणजे मतदान करून, लग्न करून, मूल शाळेत घालायच्या वयाला आलेला माणूसही व्हिस्कीसाठी थांबलेला असू शकतो. हजार रुपयांचा आजीव परवाना काढून ठेवावा, हा माझा सगळ्यांना मनापासून सल्ला. कायद्याचं पालन होतं आणि एकदाच पैसे जातात.

परमिट रूमचं मोल मी जाणतो. पेठेतल्या किंवा कॅम्पातल्या जुन्या परमिट रूममध्ये वेटर काका वीस-वीस वर्षं तेच असतात. काय आणायचं ते विचारत नाहीत. क्वार्टर म्हणजे १८० मिली, निप म्हणजे ९०, पेग छोटा ३० आणि मोठा ६०, हा हिशेब न सांगता ठरलेला. चकण्यात शेंगदाणे, काकडी, चणाडाळ, मग मसाला पापड. आवाज कमी, दिवे मंद, आणि टेबलावर दोन तास बसलात तरी कोणी उठवत नाही. एकटं बसणाऱ्या माणसाला मान देणारी जागा शहरात फार थोडी उरली आहे, त्यातली ही एक. बायकांनी तिथे निर्धास्त बसावं असं वातावरण मात्र बहुतेक ठिकाणी अजून नाही, आणि ती उणीव मला खुपते. ‘फॅमिली रूम’ची पाटी लावून ती भरून निघत नाही.

बिअरच्या बाबतीत पुण्याने देशाला रस्ता दाखवला. २००९ मध्ये इथे डूलालीने आपल्या ब्रुअरीत ताजी बिअर बनवून तिथल्या तिथे विकायला सुरुवात केली. क्राफ्ट बिअरच्या भारतातल्या अगदी पहिल्या प्रयोगांपैकी हा. पुढे २०१४ मध्ये मुंढव्यात इंडिपेंडन्स ब्रुइंग कंपनी आली, एफिंगट आली, आणि आता बाणेरपासून कल्याणीनगरपर्यंत तांब्याच्या टाक्या दिसतात. ही बिअर गाळून, तापवून बाटलीत भरलेली नसते, त्यामुळे तिचं आयुष्य थोडं. टाकी संपली की पुढच्या घाण्यापर्यंत तो प्रकार नाही. म्हणजे बेडेकरांच्या मिसळीचाच नियम बिअरलाही लागू, आणि म्हणूनच मला ती आवडते. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी गव्हाची, हलकी बिअर घ्यावी. कडू आयपीए नंतर.

मधापासून बनणाऱ्या मद्याला मीड म्हणतात. ते बनवणारी देशातली पहिली मीडरी, मूनशाईन, पुण्यात उभी राहिली. आणि वाइन? नाशिकचं नाव आता सगळ्यांच्या तोंडी असतं, पण १९८०च्या दशकात फ्रेंच तंत्राने फेसाळती वाइन बनवून परदेशी पाठवली जात होती ती आपल्या पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावहून, चौगुल्यांच्या इंडाजमधून. जुन्नर तालुक्यातल्या द्राक्षांचा हा पराक्रम पुण्यातसुद्धा विसरला गेला, हे मला बरोबर वाटत नाही.

भाकरी

स्वस्त जेवणाच्या सरकारी योजना महाराष्ट्राने पाहिल्या. १९९५ नंतर एक रुपयात झुणका-भाकर, २६ जानेवारी २०२० पासून दहा रुपयांत शिवभोजन थाळी. पण त्या दोन्हींच्या कितीतरी आधी, १९७४ मध्ये, पुण्याच्या हमाल पंचायतीने बाबा आढावांच्या नेतृत्वाखाली ‘कष्टाची भाकर’ सुरू केली. १९७२च्या दुष्काळानंतरचे दिवस होते. बाजारात ओझी वाहणाऱ्या हमालांना परवडेल असं, पोट भरेल असं अन्न हवं होतं. ना नफा ना तोटा या तत्त्वावर भाकरी, भाजी, झुणका. सरकारी अनुदानावर उभ्या राहिलेल्या योजना सरकारं बदलली तशा हेलकावल्या. कष्टकऱ्यांनी स्वतः उभं केलेलं हे केंद्र टिकलं. पुण्यातल्या कुठल्याही नामवंत हॉटेलापेक्षा मी या जागेला मोठं मानतो. पाहुणे आले तर शनिवारवाडा दाखवून झाल्यावर त्यांना इथली भाकरी खाऊ घाला.

मटण खानावळींची बातच वेगळी. टिळक रोडच्या एसपीज् बिर्याणीसाठी दुपारी बारालाच माणसं घोटाळायला लागतात. तांबडा-पांढरा रस्सा पुण्यात आता सगळीकडे मिळतो, चांगला मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या ठिकाणी. खरं तर मांसाहारासाठी शंभर किलोमीटर जायची तयारी असेल तर सोलापूर रस्त्याने भिगवणला जा. उजनी धरणाच्या पाणलोटातली चिलापी तिथल्या खानावळीत भाकरीबरोबर मिळते, आणि हिवाळ्यात त्याच पाण्यावर फ्लेमिंगो उतरलेले असतात. सिंहगडावर पिठलं-भाकरी आणि मातीच्या छोट्या मडक्यातलं दही, हे तर सांगायलाच नको. पायी चढून गेलात तर दुसरं मडकं मागवाल.

मुंबईचे डबेवाले जगभर गाजले. त्यांची सेवा १८९० ची, महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेली. यातले बहुसंख्य डबेवाले मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या तालुक्यांतले, म्हणजे पुणे जिल्ह्यातलेच. मुंबईला वेळेवर जेवू घालणारी माणसं आमच्या जिल्ह्यातून जातात, याचा मला अभिमान आहे.

शहराची सगळ्यांत चांगली सेवा

ती कोणतीही अॅप कंपनी देत नाही. ती रोज सकाळी ढकलगाडी घेऊन दारात येते. कचरावेचक महिलांना संघटित करणारी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये उभी राहिली, बाबा आढाव आणि एसएनडीटी विद्यापीठातल्या कार्यकर्त्यांच्या पुढाकाराने. त्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली आणि २००८ पासून महापालिकेबरोबर काम करू लागली. पूर्णपणे कचरावेचकांच्या मालकीची. तीन हजारांहून अधिक सदस्य, त्यात बायका बहुसंख्य. घराघरातून ओला-सुका कचरा घ्यायचा, सुक्यातलं विकण्याजोगं निवडायचं, आणि घरटी ठरलेलं शुल्क थेट हातात. ज्या हॉटेलांची मी वर एवढी तारीफ केली, त्यांच्या दारातले रस्ते स्वच्छ राहतात ते या बायकांमुळे.

त्यांनी साधी विनंती केलेली आहे: सॅनिटरी पॅड वर्तमानपत्रात गुंडाळा आणि त्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे हात घालण्याआधी कळेल. हे करायला दहा सेकंदही लागत नाहीत. तरीही कित्येक सोसायट्यांत होत नाही. मला याचा राग येतो आणि तो मी सोसायटीच्या सभेत बोलून दाखवतो.

सेवांमध्ये रिक्षाही आल्या, त्यांच्याबद्दल मात्र माझं मत मिश्र आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये आणि पुढे किलोमीटरला १७ रुपये असा दर ठरला. मीटरने जाणारा रिक्षावाला भेटला तर पुण्यासारखी गप्पिष्ट, माहीतगार सवारी नाही. पण जवळच्या अंतराला नकार देणं आणि स्टेशनबाहेर मनाला येईल तो आकडा सांगणं, हे थांबायला हवं. प्रामाणिक रिक्षावाल्यांचं नाव त्यात खराब होतं, आणि ते संख्येने जास्त आहेत.

बिल

अलीकडे एका नव्या पबमध्ये बिलावर दहा टक्के सेवा शुल्क आलं. काढायला सांगितल्यावर मॅनेजरने ते सक्तीचं असल्याचं सांगितलं. ते खरं नव्हतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच स्पष्ट केलं आहे की हॉटेलांना सेवा शुल्क आपणहून बिलात लावता येत नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. साध्या हॉटेलात जेवणावर पाच टक्के जीएसटी लागतो. मद्यावर जीएसटी नसतो. बारमध्ये त्यावर राज्याचा व्हॅट लागतो, नोव्हेंबर २०२३ पासून तो दहा टक्के झाला. त्यामुळे एकाच बिलावर दोन प्रकारचे कर दिसले तर गोंधळू नका. सेवा शुल्काची ओळ मात्र खुशाल काढायला सांगा आणि तेवढेच पैसे वेटर काकांच्या हातात द्या, ते थेट त्यांना मिळतात. हॉटेलने ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, तिथे तक्रार मराठीतही करता येते.